कोपऱ्यातली सूचना

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. सध्या चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावर, फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांमागे धूळ खात पडलो आहे. माझे मालक चष्मेवाले. भिंतीवरची बारीकातली बारीक अक्षरं ते गिऱ्हाइकांकडून वाचून घेत. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातली सूचना मात्र त्यांनी कधी वाचली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मी रखडू लागलो तेव्हा मालकांच्या भाचीने माझ्यात लिनक्स नावाची, सर्वांसाठी खुली असलेली प्रणाली घातली. मला पुन्हा तरतरी आली. "मामा, याला व्हायरस सहसा लागत नाही," ती म्हणाली, "पण अपडेट आलं की लगेच करायचं. आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, बंद करायची नाही हं." मामांनी आपल्या सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं. "आमच्या मशीनला काही होत नाही!" असं ते येईल त्याला सांगत. मीही फुगून जायचो.

एकदा प्रिंटर चालेना, म्हणून मालकांनी फायरवॉलच बंद केली. छपाई झाली, पण फायरवॉल पुन्हा सुरू करायची राहून गेली. त्यातच माझ्या प्रणालीत एक भोक निघालं. ते बुजवणारं अपडेट आलं होतं. मी रोज सूचना दाखवायचो, मालक रोज 'नंतर' दाबायचे.

त्याच भोकातून चोर शिरला. त्याने गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते उचलले आणि माझ्याच तोंडून निरोप धाडले : 'चष्मा तयार आहे, इथे दाबा.' मला सगळं कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक जुन्या गिऱ्हाईक आल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई; त्यांनी नुकताच चष्मा करायला टाकला होता. त्यांची आयुष्यभराची पुंजी गेली होती. त्या ओरडल्या नाहीत. "तुमच्या नावाने आलं म्हणून उघडलं हो," एवढंच म्हणाल्या.

भाचीने मला पुसून कोरा केला. पुढे बाईंचा चष्मा खरोखरच तयार झाला. मालकांनी फोन लावला. "बाई, मी चष्मेवाला. चष्मा झालाय तुमचा."

"तुम्हीच बोलताय कशावरून?" बाईंनी विचारलं.

इतक्या वर्षांची ओळख, पण मालकांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर मी त्यांना डोळ्यांसमोर नकोसा झालो.

मित्रांनो, तुमच्याही पडद्याच्या कोपऱ्यात अशी सूचना येत असेल. ती आली की हातातलं काम जरा बाजूला ठेवा. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही.

मालक चष्मा घेऊन बाईंच्या घरी गेले होते. बाईंनी दार उघडलं नाही. आता तो चष्मा माळ्यावर माझ्याशेजारी आहे.