खाटेखालून बाहेर काढलेली सुटकेस

मी एक जुनी चामड्याची सुटकेस आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मला सुक्या बोंबलांचा वास येतो, हे मला ठाऊक आहे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एका कारागिराने मला शिवले. बोटीवर नोकरी करणाऱ्या आत्मारामने लग्नानंतर मला विकत घेतले. त्याची बायको एलेन तिथलीच. त्या दोघांबरोबर मी पुष्कळ बंदरे पाहिली. माझी पितळी कुलपे बघून लोक विचारत, कुठे घेतलीत हो? मला फार मिजास चढली होती.

आत्माराम वारला. सत्तरीला टेकलेली एलेन मला घेऊन पालघरजवळच्या दातिवऱ्याला त्याच्या बहिणीकडे, नवसीकडे, कायमची राहायला आली. नवसी मासळी विकते. तिने वहिनीचे कपडे फळीवर लावले, माझ्यात बोंबील भरले आणि मला खाटेखाली ढकलले. मी आठवडाभर रुसले. मग कळले, आता कुठे जायचे नव्हते म्हणून तर ही अवस्था. राग गेला.

वर्षभराने मला अचानक बाहेर ओढले. बोंबील परातीत ओतले. एलेनच्या व्हिसाचे दहाच दिवस उरले होते आणि मुदत वाढवून मिळत नव्हती. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने लगेच सरकारला कळवायचे असते. नवसीने कळवलेच नव्हते, म्हणून अर्ज अडला होता.

"पाहुनी आली तर कळवायचं ना? ही तर आमची वहिनी हाय," ती तणतणली. "घरच्या मान्साची वर्दी कोन देतं?"

तिची लेक मेघाली बोईसरच्या एका कारखान्यात कारकून आहे. ती म्हणाली, "आई, उशिराची नोंद भरू, माफीचा अर्ज जोडू. पन सही तुलाच करायची हाय. लिवायचं, परदेशी पाहुनी."

"नाय लिवनार."

एलेन माझ्यात साड्या ठेवत होती. झाकण घट्ट मिटून घ्यावे असे मला वाटले, पण सुटकेसचे कोण ऐकतो!

"लिव, नवसी," ती आत्मारामकडून शिकलेल्या बोलीत म्हणाली. "नाय तर मला जावं लागेल. तिकडे माझं कोन हाय?"

नवसीने डोळे पुसले आणि सही केली.

नऊ दिवस मी भरलेली, दाराशी उभी होते. येता-जाता सगळे माझ्याकडे बघायचे टाळत. दहाव्या दिवशी दुपारी मेघालीचा फोन आला. मुदत वाढली होती. एकाच वर्षाने, पण वाढली होती.

एलेन खाटेवर बसून हमसून हमसून रडू लागली. नवसी मासळीची पाटी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. "कागदावर पाहुनी झालीस, हितं नाय. ऊठ, म्हावरं साफ कर."

एलेन उठली.

मित्रांनो, परक्या देशाचे कुणी तुमच्या घरी राहायला आले, तर त्याचा कागद पहिल्याच दिवशी भरा. माया असली तरी भरा. तो भरताना त्याला पाहुणा म्हणावे लागेल आणि जीव तुटेल. तुटू द्या, पण सही करा. आणि मग त्या माणसाला घरच्यासारखे कामाला लावा.