ओढणी कुठे आहे

माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोर उमंगचं ‘गल्ली’ नावाचं स्ट्रीटवेअरचं दुकान आहे. ढगळ काळे टी-शर्ट, ढगळ काळ्या हुडी, गुडघ्यांवर खिसे असलेल्या ढगळ काळ्या कार्गो पँट. फॅशन आपल्याला नुसत्या वासावरून कळते, असं उमंग चारचौघांत सांगत असे. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला हा गृहस्थ उलटी टोपी घालून गल्ल्यावर बसायचा आणि समोरच्या आरशात बघणं शिताफीनं टाळायचा.

त्याचं एकच दुखणं होतं. बँकेत नोकरीला असलेल्या त्याच्या बायकोनं, रेवानं, लग्नापासून या दुकानातला साधा रुमालही अंगाला लावला नव्हता. गणपतीत तो फारच मागे लागला तेव्हा ती म्हणाली, “तुझ्याकडे ड्रेस असते, तर पहिला मीच घेतला असता.”

झालं. उमंगनं कुणालाही न विचारता, विशेषतः रेवाला न विचारता, अर्धं दुकान रिकामं करून फुलाफुलांचे, झालरीचे, गुडघ्यापर्यंतचे ड्रेस भरले. एक पिवळा, रेवाच्या मापाचा, बाजूला ठेवला. बायकांना काय हवं असतं ते समजायला नजर लागते, असं स्वतःलाच सांगत त्यानं बाहेर फलक लावला: ‘गल्लीत आता ड्रेस’.

पहिल्या आल्या त्याच्याच सोसायटीतल्या मनोरमाकाकू. त्यांनी एक ड्रेस उलटसुलट करून पाहिला.

“कापड छान आहे. ओढणी कुठे आहे?”

“याला ओढणी नसते, काकू.”

“आणि सलवार?”

“तीही नसते.”

“म्हणजे अर्धाच ड्रेस विकतोस होय रे?” म्हणत काकू निघून गेल्या.

त्यानंतर येईल ती बाई ओढणी मागू लागली. दुपारी जवळच्या गास गावातून नॅन्सी नावाची एक गिऱ्हाईक आली. ती मात्र खूश झाली.

“अरे, हे तर फ्रॉक आहेत. मग फ्रॉक लिही ना बाबा. ड्रेस म्हणजे पंजाबी ड्रेस वाटतो, मी पुढेच चालले होते.”

तिनं दोन फ्रॉक घेतले. रेवा रोज बँकेत काय घालून जाते, ते उमंगला आत्ता आठवलं. कमीज, सलवार आणि त्याच्या डोळ्यांसमोर खांद्यावर पिन लावून बसवलेली ओढणी. वासावरून फॅशन ओळखणाऱ्या या माणसाला घरातली बाई काय घालते ते दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी फलक उतरवायला तो स्टुलावर चढला, तेवढ्यात रेवा रिक्षातून उतरली. फलक वाचून तिचा चेहरा खुलला.

“माझ्यासाठी केलंस? दाखव ना.”

उमंगनं स्टूल आत आणलं, टोपी काढली आणि मान खाली घालून पिवळा फ्रॉक पुढे केला. रेवानं तो झटकला, पाठीमागून पाहिला.

“ओढणी कुठे आहे?”

“चुकलो मी,” उमंग म्हणाला. “मला वाटलं, ड्रेस म्हणजे हेच.”

रेवानं फ्रॉक खांद्यावर टाकला. मग मांडणीवरची एक काळी कार्गो आणि एक काळी हुडी उचलून पडद्याआड गेली. बाहेर आली तेव्हा पिवळ्या फ्रॉकखाली कार्गो होती, आणि हुडीच्या बाह्या तिनं ओढणीसारख्या खांद्यांवरून घेऊन नेहमीच्या पिनेनं बसवल्या होत्या. आरशात बघून ती इतकी हसली, की तिला स्टुलावर बसावं लागलं. उमंगनंही बऱ्याच दिवसांनी आरशात पाहिलं.

“फलक राहू दे,” डोळे पुसत ती म्हणाली. “मिळतो की इथे ड्रेस.”