दैवशालाच्या नळावरची चिंधी

मी एक चिंधी बोलतेय. हसनाबादच्या शिवारात बद्रीनाथच्या विहिरीचं पाणी ज्या नळाला येतं, त्याच्या तोंडाला मला बांधलंय. पाण्याला येणारी प्रत्येक बाई माझ्यासमोर उभी राहूनच बोलते. त्यामुळं कुणाकडं काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं मला ठाऊक. ऐकायची खोडच लागली म्हणा!

मी मूळची बद्रीनाथच्या आईच्या, साळूबाईंच्या सुती लुगड्याची. ते मऊ पडल्यावर त्यांनी टर्रकन फाडलं, चौपदरी घडी केली अन् सुनेला, बद्रीनाथच्या बायकोला, दैवशालाला म्हणाल्या, "घे बाई, हिच्यातून गाळल्याबिगर घरात थेंब न्यायचा न्हाई." तेव्हा माझ्यात रेती यायची, शेवाळ यायचं. दैवशाला मला खळखळून धुवायची, की मी पुन्हा कोरी. कामाचा रुबाब होता मला.

मग मिरचीला मल्चिंग आलं. वरून चांदीसारखा, खालून काळा असा प्लास्टिकचा कागद. खोटं कशाला बोलू, मिरची झकास आली. पण हंगाम संपल्यावर कागद उचलायचा कुणी? बद्रीनाथनं त्याच्यावरूनच ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला, मातीसकट कागदाचाही चुरा. एकदा नाही, दोन वर्षं. कागदाचा भुगा पावसानं विहिरीत आला अन् विहिरीतून माझ्यात.

माझा संताप होतो तो पुढच्या गोष्टीचा. ते चकाकते कण मी जिवापाड धरून ठेवायचे, अन् दैवशाला मला मोरीवर पिळायची. मोरीचं पाणी ओढ्यात, ओढ्याचं गिरजा नदीत. मी पकडलेलं ती परत नदीला सोडायची! ओरडावं तर मला तोंड नाही.

शेवटी शेजारच्या नंदाबाईनं हंडा भरता भरता मला उलटून बघितलं. "अगं बया! बद्रीभाऊ, मिरच्या पिकवता का चांदीचा वर्ख?"

"दोन कण दिसले तर गावभर करू नको, नंदावहिनी," बद्रीनाथ म्हणाला. "पोटात गेले तर जातील निघून. यंदाच्या कागदावर उद्या रोटाव्हेटर सांगून ठेवलाय मी."

दैवशालानं माझी गाठ सोडली, मला खांद्यावर टाकलं, काचेचा ग्लास तसाच भरला अन् उन्हात त्याच्यापुढं धरला. पाणी लुकलुकत होतं.

"निघून जातंय ना? मंग प्या."

तो प्याला नाही. "उचलायला माणसं मिळून न्हाई राह्यली," एवढंच पुटपुटला.

"मी माणूस न्हाई का?"

"दोन दिवस देतो. मंग कुणाचं ऐकणार न्हाई."

दोन दिवस दैवशाला अन् नंदाबाई दोघी वाकून कागद ओढत राहिल्या. वीसपैकी तेरा बेड, म्हणजे मिरचीचे उंच वाफे, मोकळे झाले. मला आता मोरीवर नाही, बरणीत पिळतात. तिच्या तळाशी बोटभर भुगा साचलाय.

आज तिसरा दिवस. ट्रॅक्टर बांधावर घरघरत उभा. बद्रीनाथ हात धुवायला आला, बरणी उचलून हलवली, ठेवली अन् गेला. माझा धागा न् धागा ताठ झाला. मग घरघर बंद पडली, अन् नंदाबाईचा आवाज आला, "वाका बद्रीभाऊ, नीट वाका! कंबर मोडत न्हाई!"

बरं वाटलं. पण राग गेलेला नाही. आधीच मातीत कालवलेलं अजून किती वर्षं माझ्याकडं येणार, कोण जाणे. शिवाय मी आता विरलेय. डोळ्यांना न दिसणारे कण तर नवी होते तेव्हाही माझ्यातून आरपार जायचे. तेव्हा चिंधी बांधलीय म्हणून निर्धास्त राहू नका. मी नळाच्या तोंडाशी आहे हो, शेतात तुम्ही आहात.