ताईला नेमलं होतं फसवायला

कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणत; घरी ती अजूनही धाकटीच होती. जिथे काम सुरू झालं ती शिंप्याच्या दुकानावरची खोली सोडायची म्हणून ती सामान आवरत होती, आणि खिडकीपाशी येताच तिचे हात थांबले. ताई इथेच बसायची, खुर्चीवर पाय वर घेऊन.

तेव्हा फोनवरून पैसे देणं नवीन होतं. धाकटी आणि तिचे दोन सोबती दुकानदारांसाठी तशी यंत्रणा बांधत होते. बाहेरच्या कुणाला आत शिरता येऊ नये याचा त्यांनी चोख बंदोबस्त केला होता. पण तिघंही सरळमार्गी, लबाडी सुचायची कुठून? म्हणून तिने थोरल्या बहिणीला बोलावलं. पत्ते असोत की सोंगट्या, ताईने घरात कुणाला धड जिंकू दिलं नव्हतं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ताई म्हणाली.

"कळायला नकोच. तू फक्त आम्हाला गंडव."

ताईने आपल्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना, गिऱ्हाईक केलं आणि स्वतः दुकानदार झाली. भावजींनी खोटे, चाचणीपुरते पैसे पाठवले. ते पोचल्याचा निरोप येणार, तेवढ्यात ताईने तो निरोप घेणाऱ्या दुकानातल्या यंत्राची वायर उपसली आणि पैसे आलेच नाहीत अशी तक्रार केली. यंत्रणेने मुकाट्याने भावजींना पैसे परत दिले. मग ताईने वायर जोडली. मघाचा अडकलेला निरोप पोचला, आणि तिच्याही खात्यात रक्कम पडली.

"आम्हा दोघांचं भागलं," ती म्हणाली. "बुडालात ते तुम्ही."

धाकटीचा चेहरा पडला. परक्यांची धास्ती घेता घेता आपलीच माणसं संगनमत करतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने पुन्हा मांडणी केली. एकदा रद्द झालेला व्यवहार मागाहून जिवंत होणार नाही, आणि पैसे पोचले की नाही हे कुणाच्या तोंडी शब्दावर ठरणार नाही.

ताई येत राहिली, नवनव्या खोड्या काढत राहिली. शेवटी एका दुपारी तिने यंत्र बाजूला सारलं. "नाही जमत, जा," असं म्हणून फुरंगटून निघून गेली.

ताईला जाऊन आता दोन वर्षं झाली. खोलीची किल्ली देऊन धाकटी भावजींकडे चहाला गेली.

"ताई त्या दिवशी फार रागावली होती का हो?" तिने विचारलं.

"छे गं," भावजी हसले. "अख्ख्या गल्लीला सांगत सुटली होती, माझ्या बहिणीला कुणाचा बाप फसवू शकत नाही म्हणून."

धाकटीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. चहा निवत गेला, आणि दोघं बराच वेळ ताईबद्दलच बोलत बसली.