लुगडं नेसलेला भाऊ

आमच्या चंद्रीएवढी आडमुठी म्हैस अख्ख्या कुरुंद्यात सापडणार न्हाई. माय गेली त्या दिवसापासून ती दूध चोरायला लागली. वगारीला पोटभर पाजायची, पण माणसाचा हात कासेला लागला की घातलीच लाथ. माज्या नवऱ्याला तिनं दोनदा शेणात बसवलं. एरवी मी हसले असते. खरं सांगू का, तवाबी हसलेच.

तेरवी झाली अन् माज्या थोरल्या भावानं, भागवतभाऊनं, फर्मान काढलं, "म्हैस इकायची अन् घराला कुलूप लावायचं. चाँद पाशा व्यापाऱ्याला दुपारी बोलावलंय."

"काहून? माजं सासर गल्लीपलीकडं हाय. मी नेते ना चंद्रीला."

"दूध देईना ती. नेऊन काय पूजा घालतीस?"

"अन् दिलं तर?"

"धार काढून दाखव. मग म्हैसबी ऱ्हाईल अन् घरबी उघडं ऱ्हाईल."

खरी गोष्ट म्हशीची नव्हतीच. आमचा बाप पिऊन आला की हाताला लागंल त्यानं मारायचा, आधी मायला, मग भाऊला. मी धाकटी, शेजारच्या मदीनाबी मौसीकडं पळायची. मिसरूड फुटायच्या आत भाऊ कनेरगाव नाक्याला निघून गेला. धाब्यावर भांडी घासली, आता सोताचा धाबा हाय. बाप मरून जमाना झाला, तरी ह्या घरात तो पाण्याच्या घोटालाबी थांबायचा न्हाई. मायच एसटीनं जाऊन त्याला भेटून यायची. आता माय न्हाई. म्हैस गेली, कुलूप लागलं, की भाऊबी गेला. मला माजा भाऊ पायजे व्हता, बस्स.

मालकिणीच्या वासाशिवाय म्हैस पान्हावत न्हाई, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. मालकीण गावाला गेली की दुसरं कुणीबी तिचं लुगडं अंगावर घेतं अन् धारेला बसतं. मी मायचं हिरवं लुगडं नेसले, चरवी घेतली, अन् मोठ्या रुबाबात बसले. चंद्रीनं मला हुंगलं, फुर्र केलं, अन् चरवी गेली उकिरड्यावर.

भाऊ पोट धरून हसायला लागला. "अगं येडे, साबणाचा वास येऊन राहिला तुज्या लुगड्याला!"

हाय रे देवा! सुतक फिटलं म्हणून म्याच मायचं लुगडं न् लुगडं साबण लावून धुतलं व्हतं, उन्हात वाळवून घड्या घातल्या व्हत्या. माज्या मायचा वास माज्याच हातानं मोरीत सोडला व्हता. मी तिथंच शेणात फतकल मारली अन् भोकाड पसरलं.

भाऊचं हसणं थांबलं. तो गाडीपाशी गेला अन् डिक्कीतून एक पिशवी काढली. आत मायचं लुगडं, बिनधुतलेलं. हळदीचे डाग, तंबाखूचा वास, जशी माय तशी.

"हे तुज्याकडं कसं?"

"गेली त्या दिवशी खुंटीवरून उचललं," भाऊ खाली बघत म्हणाला.

"दे मग इकडं."

"न्हाई देत. तू पुन्हा धुशील!" अन् गडी प्यांटवरच लुगडं गुंडाळायला लागला.

अशी वाघासारखी मिशी, त्यावर डोक्यावरून पदर! मी रडता रडता फिदीफिदी हसले. "फोटू काढलास तर बघ," भाऊ गुरकावला अन् चंद्रीच्या कासेशी बसला.

चंद्रीनं लुगडं हुंगलं, पदर चाटला, पण दूध काही सोडंना. तवा भाऊनं तिच्या पोटाला गाल टेकला अन् हळूच बोलायला लागला, "भिऊ नको लेकरा. मी हाय हितंच. आत्ता सपतंय समदं." सूर थेट मायचा. चंद्रीनं कान पाडले अन् चरवीत धार वाजली.

तेवढ्यात चाँद पाशा आला. "भागवतभाऊ, जनावर किधर—" बोलता बोलता तो दारातच थांबला. "या अल्ला! ये क्या पेने?"

"हळू बोल पाशा, दूध चढवंल ती. सौदा रद्द."

पाशाला हसू आवरंना. "अब रोज लुगडा पेनके आना पडता तुमकू!"

"येतो की," भाऊ म्हणाला. पाशा हसत हसत गेला अन् माजा जीव भांड्यात पडला.

"पर भाऊ," म्या इचारलं, "मायचं हे बोलणं तुला कसं ठावं? म्या तर कवाच ऐकलं न्हाई."

भाऊ धार काढता काढताच बोलला. "बाप पिऊन आला की माय मला गव्हाणीत निजवायची. वरून कडबा टाकायची. घरात मार खाऊन यायची अन् म्हशीपाशी बसून हेच बोलायची. माज्याकडं बघायचीबी न्हाई, शिवे. लई राग यायचा मला. वाटायचं, हिला जनावराची माया हाय, लेकराची न्हाई."

"आरं येड्या! तुज्याकडं बघून बोलली असती तर बापाला तू सापडला नसता का? अन् तवाच्या म्हशीला, चंद्रीच्या आजीला, माय एरवी काय म्हणायची, आठव. भवाने म्हणायची, भवाने! मग लेकरा कुणाला म्हणत असंल?"

भाऊ पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. एवढा मोठा बाप्या! धार तुटली, चंद्रीनं पाय उचलला.

मी चटकन त्याच्या शेजारी बसले. एक हात म्हशीच्या पाठीवर ठेवला, एक भावाच्या. चंद्रीनं पाय खाली ठेवला.

"भिऊ नको लेकरा," मी म्हणाले. "मी हाय हितंच. सपलं आता समदं."