बावन्नावा डबल

ही १९३४ सालची गोष्ट. पेनसिल्वेनियातल्या कार्बन रिज या कोळशाच्या गावाचा तेव्हा स्वतःचा बेसबॉल संघ होता. लीग लहानच, पण खेळाडू पगारी. एमलिन प्रॉसर, सगळ्यांचा एम, त्यांच्यातला चांगला फलंदाज. उन्हाळाभर तो बॅट धरायचा आणि हिवाळाभर खाणीत उतरायचा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्याचा थोरला भाऊ छातीत कोळशाची धूळ साठून गेला. शेवटी शेवटी तो बसूनच झोपायचा. तेव्हापासून एमची बायको थेल्मा एकच धरून बसली होती, एम आता पुन्हा खाली उतरता कामा नये.

सुटायची वाट एकच, मोठ्या लीगचं बोलावणं. आणि ते डबलमुळेच येणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. चार बेस पळून घरच्या बेसवर परतलं की एक धाव; एका फटक्यावर दुसरा बेस गाठला की डबल. हंगामात एमचे एक्कावन्न झाले होते. शेजारच्या गावातल्या एकाचेही तितकेच, पण त्याचे सामने संपले होते. एमचा एक बाकी होता.

"मोठ्या लीगवाल्यांना यादीतलं पहिलंच नाव वाचता येतं, पोरी," संघाचा म्हातारा मॅनेजर बाउमन तिला हसत म्हणाला होता. ती हसली नव्हती.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी तिनं एमच्या पुढ्यात अंडी ठेवली आणि समोर बसली.

"आज दुसऱ्या बेसवर थांबायचं. तिसरा गाठलास तर तो ट्रिपल होतो. डबलमध्ये धरत नाहीत."

"अगं, आधी चेंडू लागू तर दे!"

"लागेल. वचन दे."

"दिलं. आता कॉफी देतेस?"

मोठ्या लीगचा निवड करणारा माणूस करडी हॅट घालून पुढच्याच बाकावर बसला होता. शेवटच्या डावापर्यंत एमला काही साधलं नाही. संघ एका धावेनं मागे, एक गडी बाद, आणि एमनं चेंडू उजवीकडे कुंपणापर्यंत धाडला. क्षेत्ररक्षक घसरून पडला. तिसरा बेस मोकळा होता. तिथं उभा बाउमन दोन्ही हात गरगर फिरवत ओरडत होता, "पळ, गाढवा! पळ की!"

एम दुसऱ्या बेसवर पाय रोवून उभा राहिला.

थेल्मा उठून टाळ्या वाजवू लागली. थोड्या वेळानं तिला कळलं, आपण एकटीच वाजवतोय.

"प्रॉसर, खुर्ची पाठवू का रे?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळं मैदान हसलं.

पुढच्यानं उंच, लांब फटका मारला. तो झेलबाद झाला, पण झेलानंतर पुढे पळता येतं; तिसऱ्यावर असता तर एम चालत घरच्या बेसवर आला असता आणि बरोबरी झाली असती. दुसऱ्यावरून तो फक्त तिसऱ्यापर्यंत पोचला. त्यानंतरचा तिसरा गडी बाद झाला, डाव संपला आणि सामना गेला.

करड्या हॅटवाला वही खिशात घालत होता. थेल्मा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, यादीत तो पहिला आला."

"बाई, याद्या मला घरी टपालानं येतात. मी माणूस बघायला आलो होतो. खरं सांगू? त्याला न्यायलाच आलो होतो."

"मीच सांगितलं होतं त्याला थांबायला."

"मग तर झालंच," तो म्हणाला आणि हॅट उचलून गाडीकडे गेला.

ऑक्टोबरमध्ये एम खाणीत उतरला. लीग चार वर्षांनी बुडाली, तोवर एका हंगामातल्या डबलच्या यादीत त्याचंच नाव वर होतं. त्या सकाळचं बोलणं त्यानं बायकोपुढे कधी काढलं नाही, आणि तिला तेच सोसत नव्हतं. बाउमन पुढच्याच वर्षी मुलीकडे ओहायोत गेला आणि तिथंच वारला. करड्या हॅटवाला त्या गावात परत आला नाही. १९४१च्या फेब्रुवारीत खाणीचं छत कोसळलं. एमला काढायला दोन दिवस लागले. थेल्मा शर्टांच्या कारखान्यात काजं करायला लागली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली.