चार बोटे आखूड

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे, आणि तो बाहेर काढल्याशिवाय माझे इंजिन थंड व्हायचे नाही.

कारखान्यातून मी निघाले तेव्हा माझा पत्रा जाड होता, चाके उंच होती आणि दारे नव्हतीच. डोक्यावर म्हणाल तर लोखंडी नळीच्या दोन कमानी आणि त्यांवर ताणलेले, दोन्ही बाजूंना पडदे सोडलेले जाड कापड. त्या कापडाला हूड म्हणतात. मला घेतले ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी. रस्ता जिथे संपतो तिथून त्यांचे काम सुरू व्हायचे. अडलेली गाय, पाय मुरगळलेली घोडी, पोट फुगलेली शेळी, आणि ही सगळी मंडळी नेमकी ओढ्याच्या पलीकडे किंवा खडकाळ चढावर राहणारी. मी कधी कुरकुर केली नाही. बाई गाडी चालवायच्या आणि शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांचे यजमान बसायचे. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. लांबून माझा आवाज आला की गोठ्यातली माणसे म्हणायची, "आल्या बाई, आता काळजी नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग एका फेरीत वळणावर बाईंनी मला जरा जोरात घेतले. मास्तर म्हणाले, "जनावरांना वाचवायला निघालीस की मला मारायला?"

"एवढी भीती वाटते तर उतरा!" बाई म्हणाल्या.

मास्तर उतरले. चालत घरी आले. संध्याकाळपर्यंत भांडण मिटले, दोघांनी एका ताटलीतला खाऊ खाल्ला, पण पुन्हा माझ्यात बसायचे मात्र मास्तरांचे राहून गेले. बाईंनी बोलावले नाही, त्यांनी विचारले नाही. पिशवी एकटीच सीटवर बसू लागली आणि प्रत्येक चढावर खाली पडू लागली.

पुढे उंदरांनी माझे हूड कुरतडले. "राहू दे, मोकळी हवा बरी," असे म्हणून बाई तशाच फिरू लागल्या. मोकळी हवा त्यांच्या कानात शिरली. कान ठणकू लागला, मग त्यातून पाणी येऊ लागले. कानाच्या डॉक्टरांनी बजावले, "वारं लागलं तर हा कान जाईल. फेऱ्या तरी बंद करा, नाहीतर बंद गाडी घ्या." झाले! जावईबापूंना निमित्तच हवे होते. ते म्हणाले, "आई, मी छोटी बंद गाडी देतो. ही जीप विकून टाकू. रविवारी गिऱ्हाईक घेऊनच येतो." छोटी गाडी दिसायला गोंडस, पण तिचे पोट जमिनीला लागलेले. ती ओढ्यात उतरणार कशी? म्हणजे पलीकडचे गोठे सुटणार, आणि मी जाणार भंगारात. बाई नुसत्या कानावर हात ठेवून बसल्या.

तेव्हा मास्तर पुढे झाले. "नवं हूड मागवतो. रविवारच्या आत चढवतो. तू इकडे फिरकूसुद्धा नकोस, झाल्यावरच बघ."

माझे मन भरून आले. मित्रांनो, ती माझी चूक झाली.

मास्तरांनी माझे माप घेतले कसे, ते ऐका. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेत माझ्या जातीच्या जीपचे चित्र आहे. ते समोर ठेवून मास्तरांनी मोठ्या कागदावर माझे सुरेख चित्र काढले. सावल्यासुद्धा दिल्या. त्या चित्रावर पट्टी ठेवून मापे काढली आणि हूड शिवणाऱ्याला पाठवून दिली. मी अंगणात, खिडकीपासून हाकेच्या अंतरावर उभी होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

हूड आले. छान होते, नव्या कापडाच्या वासाचे, त्याच कापडाच्या पिशवीत घडी घातलेले. मास्तरांनी ते मागून अडकवले, कमानींवरून पुढे ओढले आणि काचेच्या चौकटीपाशी आणले. तिथे ते अडले. हूडच्या पुढच्या काठाची टिचबटणे चौकटीवरच्या बटणांपासून चार बोटे मागेच राहिली.

मास्तरांनी ओढले. मग बॉनेटवर चढून ओढले. मग पक्कडीने धरून दातओठ खात ओढले. एक टिचबटण उडाले आणि गवतात गेले. "ऊन खाऊ दे, सैल होईल," असे म्हणून त्यांनी हूड दिवसभर उन्हात तापवले. दुसऱ्या दिवशी किटलीतून गरम पाणी ओतले. कापड वाफाळले, मास्तरांचा हात भाजला, पण ते चार बोटांचे अंतर जसेच्या तसे. मग पुढच्या काठाला दोर बांधून माझ्यावरच पाय रोवून ताणले, तेव्हा माझी कमान अशी कण्हली की मला वाटले, आता जावईबापूंची वाट बघायलाच नको.

शेवटी त्यांनी हूड शिवणाऱ्याला फोन लावला. "अहो, तुमचं हूड आखूड आहे!"

"तुम्ही पाठवलेल्या मापाचंच आहे, साहेब. गाडी मोजली होती ना?"

"मी अख्खं आयुष्य चित्रकला शिकवलीय!"

"ते ठीक आहे हो. पण गाडी मोजली होती का?"

मास्तरांनी फोन ठेवला आणि माझ्या चाकाला लाथ मारली. "ही गाडीच वाकडी आहे!" म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडे.

आता माझा संताप समजून घ्या. हूड आखूड का पडते, हे मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होते. मास्तर उंच आहेत, ताडासारखे. मी नवी होते त्या काळात प्रत्येक खड्ड्याला त्यांचे डोके कमानीवर आपटायचे. तेव्हा त्यांनीच मला वेल्डरकडे नेऊन दोन्ही कमानी चार बोटे उंच करून घेतल्या होत्या. माझे जुने हूड त्या उंच कमानींवरच शिवलेले होते. हे सगळे हा माणूस साफ विसरला होता! मी हॉर्न वाजवू शकत होते का? तोही कुणीतरी दाबावा लागतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचारा.

शनिवारी दुपारी ओढ्यापलीकडच्या गोठ्यातून सोमवारी येण्याचा निरोप आला, तो सांगायला बाई बाहेर आल्या आणि थांबल्या. मास्तर माझ्या बॉनेटवर आडवे पडून हूडशी झटत होते. बाईंनी कमानीवर बोट ठेवले. जोडाची जाड रेघ त्यांच्या बोटाखाली लागली.

"अहो, या कमानी वर घेतल्या होत्यात ना तुम्ही? डोक्याला लागतं म्हणून?"

मास्तर खाली उतरले. मग ते करवत घेऊन आले.

"काय करताय?"

"कापतो. परत खाली घेतो. हूड बसेल, तुझा कान वाचेल." ते माझ्याकडे बघत बोलत होते, बाईंकडे नाही. "नाहीतरी माझं डोकं आता कुठं लागतंय?"

करवतीचे दात माझ्या कमानीला टेकले. मला कापले जाण्याचे भय वाटत होते, पण खरे सांगते, त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीचे वाईट वाटले. एकदा या कमानी खाली आल्या की तो माणूस माझ्यात पुन्हा कधीच ताठ बसू शकणार नव्हता.

बाईंनी करवत त्यांच्या हातातून काढून घेतली. "कापायचं नाही."

"मग हूड?"

"आखूड आहे ना? मग जोड द्या. पोट फाटलेली गाय शिवते मी, हे तर कापड आहे."

हूड ज्या पिशवीतून आले होते, तीच बाईंनी उसवली आणि तिची लांब पट्टी कापली. आपली बाकदार सुई आणि जनावरांच्या कातडीला वापरतात तो जाड दोरा काढला. मास्तरांनी कापड दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि बाई टाके घालत गेल्या. मध्येच मास्तर म्हणाले, "टाका तिरका जातोय."

"उतरा म्हणू का?" बाईंनी विचारले.

मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी कापड आणखी घट्ट धरले. अंधार पडायच्या आत सगळी टिचबटणे टकाटक बसली. उडालेले बटण तेवढे आजही गवतातच आहे.

रविवारी जावईबापू आले, पाठोपाठ गिऱ्हाईक. माझ्या कपाळावरची शिवण बघून जावईबापू म्हणाले, "आई, हिचं ऑपरेशन केलंत की काय?"

"केलं. आणि वाचली," बाई म्हणाल्या. गिऱ्हाईक आले तसे परत गेले.

सोमवारी ओढ्यापलीकडे जायचे होते. "शिवण धरते का बघायला यावं लागेल," असे पुटपुटत मास्तर पिशवी घेऊन शेजारी बसले. वाटेत सर आली. सुईच्या भोकांतून पाणी झिरपले आणि नेमके मास्तरांच्या डाव्या खांद्यावर टपकू लागले.

"गळतंय," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे."

"घरी गेलो की मेण लावतो."

"लावा."

मित्रांनो, मेणाचा डबा माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे. त्याचे झाकणही अजून उघडलेले नाही. काम चहा उकळायच्या आत होईल एवढेच. पण रोज मास्तर म्हणतात, आज बघू, आणखी कुठून गळते ते आधी नीट समजू दे. आणि ते समजून घ्यायला रोज माझ्यात येऊन बसतात. कुणी मागे लागल्याशिवाय ते मेण लावणार नाहीत, आणि बाई काही मागे लागत नाहीत.

तेव्हा तुम्हाला माझी विनंती. जुन्या गाड्यांची काळजी घ्या. त्यांना सावलीत ठेवा, वेळेवर तेल द्या, आणि कापड ओढण्याआधी गाडी मोजा, चित्र नव्हे. पण कधी आमच्या अंगणात आलात, तर तेवढी एक शिवण सोडून द्या. तिला मेण लावू नका.